समाचार पुढच्या दारी

म्हातारं माणूस गेलं की आमच्याकडे म्हणतात, "सोनं झालं." हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला ठाऊक नाही, पण तो पुरुष असणार आणि त्याने जन्मात कुणाचं अंथरूण धुतलेलं नसणार, हे मी पैजेवर सांगते. बाय गेली तेव्हा पुढच्या ओटीवर बसून इतक्या जणांनी हे वाक्य उच्चारलं, की आजही कुणाच्या तोंडून ते ऐकलं की मी तिथून उठते. सोनं कसलं झालं? घरात बोलणारं, खोकणारं, दिवसभर नावं ठेवणारं एक माणूस बोलायचं बंद झालं. आता माझी स्वतःची सत्तरी जवळ आली आहे. गुडघे गेले, साखर आली, आणि खोपोलीतला माझा डॉक्टर सांगतो, आजी, चिडचिड कमी करा. मी त्याला म्हणते, बाबा रे, ही चिडचिड पंधराव्या वर्षापासूनची आहे, तुझ्या गोळ्यांनी जायची नाही.

बाय म्हणजे माझ्या वडिलांची आई. घरात बाय, गावात बाय, वाडीवरून लाकडाची मोळी घेऊन येणाऱ्या ठाकरणींनाही ती बायच. आमचं गाव कळंबवरून कशेळ्याकडे जाताना डोंगराच्या अंगाला. आमची शेतं होती तिथे आता एक रिसॉर्ट आहे. पोहायचा तलाव आहे, आणि फाटकावर 'गावरान पिठलं-भाकरी' अशी पाटी आहे. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं गाड्या घेऊन येतात आणि चुलीवरची भाकरी खाऊन स्वतःचेच फोटो काढतात. पिठलं-भाकरीची पाटी दिसली की मी तोंड का फिरवते ते त्यांना कळायचं कारण नाही. तेच सांगायला बसले आहे.

घर एकच होतं, पण मधोमध कुड घातलेला. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून वर शेणमातीने लिंपलं की झाला कुड. त्यातून पलीकडचं माणूस दिसत नाही, पण त्याने कूस बदलली तरी ऐकू येतं. रस्त्याकडचं अर्धं घर थोरल्या काकांचं, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो. ओटी, देव्हारा, माजघर, सगळं त्यांच्याकडे. आमच्या वाट्याला मागची पडवी, एक खोली आणि गोठ्याकडे उघडणारं दार. गोठा तेवढा सामाईक राहिला, कारण म्हशीला मधे कुड घालणं कुणाला सुचलं नाही. माझे वडील खोपोलीच्या एका कारखान्यात होते, आठवड्यातून एकदा घरी यायचे. आले की आधी पुढच्या ओटीवर तासभर बसायचे, मग मागे यायचे. थोरल्या भावाचा मान. हा मान माझ्या वडिलांना जन्मभर पुरला आणि आम्हांला जन्मभर नडला.

बायने कुणाकडे राहायचं याचा ठराव झाला होता, एक महिना पुढे, एक महिना मागे. आमच्याकडच्या एका महिन्यात तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि ती अंथरुणाला खिळली. मग पुढची पाळी काही आली नाही. थोरली काकी कुडापलीकडून म्हणायची, "आता तिला हलवू नका गं, तिला तरास व्हईल." किती काळजी!  आईने बायची खाट चुलीजवळ ओढली, म्हणजे थंडीत ऊब मिळेल आणि स्वयंपाक करता करता लक्षही राहील.

त्या दोघी दिवसभर भांडायच्या. बायचा डावा हात गेला होता, जीभ शाबूत होती. भाकरी जाड झाली, कालवण पांचट झालं, पोरी उंडारल्या, कोंबड्या शेजारी अंडी घालायला लागल्या, सगळ्याचा दोष आईकडे. आईही ऐकून घेणारी नव्हती. "मंग उठा नि तुमी थापा भाकरी," ती म्हणायची. "उठले आसते तं दावली आसती तुला," बाय म्हणायची. आणि एवढं झाल्यावर आई भिजवलेले, मोड आलेले वाल घेऊन तिच्या उशाशी बसायची, एकेक दाणा सोलायची, त्याचं बिरडं करून बोटांनी मऊ कुस्करायची आणि बायच्या बोळक्यात भरवायची. बाय डोळे मिटून खायची आणि खाऊन झालं की म्हणायची, बरं झालंय. हे "बरं" मिळवायला आई अख्खी दुपार घालवायची. आईची आई ती रांगत असतानाच गेली होती. एकदा आईला ताप भरला तर बायने खाटेवरून आपला धड हात खाली सोडला आणि जमिनीवर निजलेल्या आईचं कपाळ दाबत राहिली. शिव्या देतच दाबत होती. मला तेव्हा इतकंच कळलं, की आईला आई मिळाली होती, ती सासू म्हणून मिळाली होती, आणि दोघींनाही हे उघड कबूल करायची लाज वाटत होती.

बाय गेली ती सकाळची. भातं झोडून झाली होती, शेतात वाल फुलावर होता. मी विहिरीवरून हंडा घेऊन आले तर आई खाटेच्या कडेवर वाटी धरून बसलेली. "सुमे," ती म्हणाली, "आबांना हाक मार." आवाज अगदी रोजचा होता. मी कुडावर हात आपटला. मग माणसं आली, एकदम खूप आली. आबा दारात उभे राहून म्हणाले, "म्हातारी पुढल्या दारानंच जायाला पायजे." चौघांनी तिला गोधडीसकट उचललं, घराला वळसा घालून पुढे नेलं आणि ओटीवर ठेवलं. तिथे काकीने जो हंबरडा फोडला तो पार डोंगराला ऐकू गेला असेल. आई मागोमाग गेली. तिरडी उठेपर्यंत ती गर्दीत कुठेतरी होती, मला धड दिसलीही नाही. निरोप मिळून खोपोलीहून आलेले माझे वडील आणि बाकीचे पुरुष स्मशानातून परतले ते ओटीवरच बसले, बायका अंघोळी करून ओल्या केसांनी माजघरात बसल्या. आईही बसायला गेली, तेव्हा काकी सगळ्यांसमोर तिला म्हणाली, "हितं पाय ठेवाया जागा नाय. पोरी मागं एकल्या हायेत, तू जा तिकडं." बोलली ती मायेच्या सुरात, ऐकणाऱ्याला वाटावं धाकट्या जावेची काळजी करते आहे. आई वळली आणि मागे आली.

आता आमच्याकडची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात तिसऱ्या दिवशी राख सावडेपर्यंत चूल पेटत नाही. शेजारीपाजारी आणि सोयरे भाकऱ्या, पिठलं, भात घेऊन येतात आणि घरच्यांना बळे बळे खायला घालतात. दुसरी रीत रडण्याची. आमच्या भागात बाई एकटी रडत नाही. समाचाराला येणारी बाई गल्लीच्या तोंडाशीच हेल काढते, घरात येते, घरच्या बाईच्या गळ्यात पडते, आणि मग दोघी मिळून रडतात. घरच्या बाईने आधीच रडून घ्यायचं नसतं. कुणीतरी गळ्यात पडायला यावं लागतं.

आईने मागच्या दारात घोंगडी अंथरली. शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. स्वतः आत भिंतीला टेकून बसली आणि वाट पाहू लागली. कशेळ्याहून जीपगाड्या भरून बायका येत होत्या. गल्लीत हेल ऐकू यायचा, आई पदर सावरून उठायची, आणि हेल पुढच्या दाराने आत जायचा. बाय पुढून निघाली होती ना, मग समाचार पुढेच. कुणाच्या मनात पाप नव्हतं, हे आज मलाही समजतं. लोक रस्त्याकडचं दार बघतात, थोरल्याचं तोंड बघतात, आणि त्यांचं काम झालं. पण समजलं म्हणून राग थोडाच जातो? संध्याकाळपर्यंत आमच्या घोंगडीवर एक कोंबडी येऊन बसली, तेवढीच.

कुडातून सगळं ऐकू येत होतं. प्रत्येक नव्या बाईबरोबर काकी नव्याने सूर लावायची, "आता मी कोनाला पेज भरवू गं बाऽय! कोनाची येनी घालू गं बाऽय!" बायच्या डोक्यावर वेणी कुठली? खाज सुटते म्हणून आईने कधीच तिचे केस बारीक कापून टाकले होते. आईने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "येनी?" त्या दिवसात तिने तक्रार म्हणून उच्चारलेला हा एवढा एकच शब्द.

आणि टोपल्या. गावातल्या बायका डोक्यावर झाकलेल्या टोपल्या घेऊन पुढच्या दाराने आत जात होत्या. पिठल्याचा, लसणीच्या फोडणीचा वास कुडातून आत यायचा. माझी धाकटी बहीण मंदी सहा वर्षांची होती, ती कुडाला नाक लावून उभी राहायची. "येतील गं," आई म्हणायची. "पुढचं आवरलं की देतील आनून." रात्री तिने मंदीला गुळाचा खडा आणि मूठभर कुरमुरे दिले, मला दिले, स्वतः पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. मी म्हटलं, मी जाते पुढे मागायला. आई म्हणाली, "आपलं मानूस गेलंय, सुमे. आपन मागायचं नसतं, लोकांनी द्यायचं आसतं."

म्हणून आता मी कुणाकडे समाचाराला गेले, की पुढच्या खोलीत बसत नाही. सरळ स्वयंपाकघरात जाते आणि तिथे कोण उभं आहे ते बघते. माझ्या सुनेला याची लाज वाटते. वाटू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंदी भुकेने रडायला लागली. आधी मोठ्याने, मग बारीक, कण्हल्यासारखी. आई उठली. "पाप लागंल तं मला लागंल," म्हणाली, आणि तिने चूल पेटवली. मूठभर कण्या धुतल्या, पेज ठेवली. कौलातून धूर वर गेला असेल नसेल, कुडापलीकडून काकी ओरडली, "अगं बया, हिनं चूल पेटवली!" आणि बाय गेल्यापासून पहिल्यांदा आमच्या मागच्या दारात बायका आल्या. समाचाराला नव्हे, भांडायला. काकी पुढे, मागे भावकीतल्या चारपाच जणी. त्यांतली एक चुलत आजी कंबरेवर कळशी घेऊनच आली होती. "म्हातारीची राख निवली नाय नि हिला खायाचं सुचतंय!" "पोर भुकेली हाय," आई म्हणाली. "दोन दिस उपाशी ऱ्हायलं तं कोन मरत नाय," म्हणत त्या आजीने कळशी चुलीत ओतली. राख उडाली, चर्र आवाज झाला, अर्धवट पेज विझल्या चुलीवर तशीच राहिली. जशा आल्या तशा बायका निघून गेल्या. जाताना एकीने घोंगडीवर पाय दिला.

मी आईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते, आणि मला रडायचं नव्हतं. मी गोठ्यात गेले, का गेले ते आजही सांगता येत नाही, बहुधा कशावर तरी लाथ मारायला. तिथे म्हैस घमेल्यात तोंड घालून चपचप खात होती. मी जवळ जाऊन बघितलं. तांदळाच्या भाकऱ्या. कुणाच्या पातळ, कुणाच्या जाड, कुणाच्या कडेला करपलेल्या, गावातल्या निम्म्या घरच्या भाकऱ्या पाण्यात भिजवलेल्या आणि वर पिठलं ओतलेलं. पुढे खाऊन उरलेलं. कुडाच्या अलीकडे द्यायचं सोडून ते काकीने गोठ्यापर्यंत उचलून आणलं होतं, आणि गोठ्याचा रस्ता आमच्या दारावरून जातो. म्हणजे आमची नजर चुकवून आमच्या दारावरून नेलं होतं.

मी म्हशीच्या तोंडावर एक चापट मारली, बिचारीचा काही दोष नव्हता, आणि घमेलं कंबरेवर घेतलं. पिठल्याचं पाणी माझ्या परकरावरून ओघळत होतं. घराला वळसा घालून मी पुढे गेले. ओटीवर सतरंजी अंथरलेली, पुरुष ओळीने बसलेले, मधे आबा आणि त्यांच्याशेजारी डोकं भादरलेले माझे वडील. कुणीतरी म्हणतच होतं, सोनं झालं म्हातारीचं. मी ते घमेलं सतरंजीच्या मधोमध आपटलं.

"हे काय गं, कारटे?" आबा म्हणाले.

"बायच्या नावाचं जेवान," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "गोठ्यात व्हतं. म्हशीला सुतक लागलंय वाटतं, तिला आनून द्यायला लागतंय. आमाला लागलं नाय. आमी काल सकाळपासनं उपाशी हाव."

 माजघरातलं रडणं थांबलं. मग माझ्या वडिलांनी मान वर केली आणि विचारलं, "सुमे, म्हंजे तुमी जेवलं नाय?"

काकीचा राग एकवेळ सहन होईल असा होता. या प्रश्नाचा झाला नाही. माझे वडील दोन दिवस त्याच भाकऱ्या खात होते, कुडापासून चार हातांवर बसून. त्यांना खरंच वाटलं होतं, की मागेही कुणीतरी देत असेल. ते दुष्ट नव्हते, पुढे म्हातारपणी कितीदा तरी मला म्हणाले, "मला वाटलं, दिलं आसंल." मला वाटलं! या दोन शब्दांवर आमच्याकडची निम्मी घरं चालतात आणि निम्म्या बायका उपाशी राहतात. त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "तुमी इचारलंत का, बाबा? एकदा तरी मागं आलात का?" 

आबा उठले, त्यांचा हात वर गेला. तो माझ्यापर्यंत पोचला नाही, कारण माजघराच्या दारातून एक म्हातारा आवाज आला, "हात खाली घे रं." ती बायची धाकटी बहीण होती. खालापूरकडच्या एका गावात राहायची, आम्ही तिला मावशीआजी म्हणायचो. तास-दीड तासापूर्वीच येऊन पोचली होती. ती काठी टेकत ओटीवर आली, घमेल्यात बघितलं, आणि मग काकीकडे वळली. "माझी बहीन निजायची कुटं?"

काकीने पदर तोंडाला लावला.

"मी इचारतेय, तिची खाट कुटं हाय? मला तिच्या जाग्यावर बसायचंय."

"मागं," मी म्हटलं.

मावशीआजी ओटीच्या पायऱ्या उतरली. मी तिचा हात धरला. घराला वळसा घालून आम्ही निघालो, आणि मागून बांगड्या वाजल्या म्हणून मी वळून बघितलं, तर माजघरातली एकेक बाई उठून बाहेर येत होती.  ती कळशीवाली आजीही त्यांत होती, खाली मान घालून.

आई चुलीपाशी बसून हाताने ओली राख उपसत होती. कोपरापर्यंत हात काळे. इतक्या बायका बघून ती दचकून उठली, तिला वाटलं पुन्हा भांडायला आल्या. मावशीआजी रिकाम्या खाटेवर बसली. तिने खाटेच्या सुंभावरून हात फिरवला, इकडून तिकडे, पुन्हा इकडे. हेल काढला नाही, गळ्यात पडली नाही. आईला म्हणाली, "बस गं पोरी. शेवटाला काय खाल्लं तिनं?"

कुणीही हे विचारलं नव्हतं. वारं कधी गेलं, डॉक्टर काय म्हणाला, दहावा कुठे करणार, सगळं विचारून झालं होतं, पण पुढच्या दारी हे विचारून उपयोगच नव्हता, कारण तिथे कुणाला ठाऊक नव्हतं.

"पेज," आई म्हणाली. "दोन घोट. मंग म्हनाली..." आणि तिचा आवाज फाटला. "म्हनाली, मीठ कमी टाकलंस. मी मीठ घ्यायला उठले, परत येऊन बघते तं..."

मग ती रडली. काळ्या हातांनी मावशीआजीच्या गुडघ्यांना मिठी मारून रडली, तिच्या पांढऱ्या लुगड्यावर राखेचे पंजे उमटले. मावशीआजी तिच्या पाठीवर थापट्या मारत म्हणत राहिली, "तुला बोलल्याबिगार तिला जेवान जायाचं नाय गं. माहीत हाय मला. लई नावं ठेवायची तुला. माझ्याकडं आली तरी तुझंच सांगायची." बायका खाली बसल्या, कुणी खाटेभोवती, कुणी दारात, जागा उरली नाही. आता घर खरोखर भरलं. एकीने मंदीला मांडीवर घेतलं आणि दुसरीला सांगितलं, "जा गं, आमच्या घरनं भाकरी घिऊन ये, गरम आन." मी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होते. मला रडू येत नव्हतं. आतून नुसती जळत होते.

सगळ्यांच्या शेवटी काकी आली. एकटीच. पदर डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढलेला. ती माझ्यासमोर येऊन थांबली, आणि आईने आतून रडता रडता तिला बघितलं. मला वाटलं, आता आई बोलेल. दोन दिवसांचं, इतक्या वर्षांचं, एकदाचं बोलून टाकेल. आईने सरकून आपल्याशेजारी वीतभर जागा केली, हात पुढे केला आणि मला म्हणाली, "सुमे, वाट सोड तिला."

मी वाट सोडली नाही. काकी अंग चोरून, माझ्या आणि चौकटीच्या मधून घुसली. तिचा खांदा माझ्या खांद्याला घासला तेव्हा मला कळलं, ती थरथरते आहे. कळलं, तरी मी तसूभर हलले नाही.